टवका न उडणारी बिस्किटं

डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होता. पहिल्या खोलीत बाकं, जुनी मासिकं आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. दुसऱ्या खोलीत खुर्ची, दिवा आणि चूळ भरायचं भांडं. मधला पडदा सरकवला की घर सुरू व्हायचं. पडद्याच्या पुढे दात आणि मागे संसार अशी वाटणी इतकी वर्षं नीट चालली होती. ती मोडली ती इंजिनियरसाहेब निवृत्त झाल्यावर.

इंजिनियरसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. त्यांची सगळी नोकरी रस्ते बांधण्यात गेली होती. त्यांनी बांधलेल्या रस्त्याला खड्डा पडत नाही असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणायचे, मात्र जरा नाक मुरडून. असा माणूस एका सोमवारी एकदम मोकळा झाला आणि घरात इकडून तिकडे हिंडायला लागला. पंधरवड्यात त्यांनी गळके नळ दुरुस्त केले, न गळणारे नळ दुरुस्त करून गळके केले, आणि मग त्यांची नजर मागच्या ओट्याखाली गेली.

तिथे दवाखान्यातलं जुनं कपाट पडलं होतं. चिमटे, आरसे वगैरे गरम हवेत ठेवून निर्जंतुक करायचं ते लोखंडी कपाट. बाईंनी नवं यंत्र घेतल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं.

"अगं, हे तर ओव्हन आहे," इंजिनियरसाहेब म्हणाले.

"ओव्हन नाही हो. जंतू मारायचं यंत्र आहे ते."

"गरम होतं ना? मग झालं तर."

त्यांनी ते घासूनपुसून लख्ख केलं, नवी वायर बसवली, आणि बिस्किटं करायला घेतली. बिस्किटंच का, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण कणीक त्यांनी मळली नाही, तर 'मिश्रण' तयार केलं. लोणी घातल्यानं मिश्रण भुसभुशीत होतं हे पहिल्याच दिवशी लक्षात आल्यावर त्यांनी लोणी जवळजवळ बंद केलं. लाटण्याला वजन नाही म्हणून काचेची बाटली पाण्यानं भरून तिचा रोलर केला आणि मिश्रणावरून पुढे-मागे, पुढे-मागे असा फिरवला की कणकेत हवेचा कण उरू नये. कपाटाला बटण एकच होतं. ते दाबलं की आतल्या सगळ्या सजीवांचा निकाल लागेपर्यंत ते थांबत नसे.

पहिला घाणा बाहेर आला. इंजिनियरसाहेबांनी एक बिस्किट कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडलं. मग ते उचलून उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं.

"बघ! टवका उडाला नाही!"

"उडालाय," बाई म्हणाल्या. "फरशीचा."

पण ते त्यांच्या कानावर गेलंच नाही. आनंद इतका झाला होता की त्यांनी लगेच चहा टाकला, कपात बिस्किट बुडवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. अग्रलेख संपेपर्यंत ते बिस्किट तसंच बुडून राहिलं. मग त्यांनी ते चमच्यानं काढून खाल्लं आणि डोळे मिटून म्हणाले, "लोण्यासारखं झालंय."

यात त्यांची लबाडी काही नव्हती. त्यांच्या वरच्या सगळ्या दातांची कवळी होती, ती बाईंनीच मोठ्या प्रेमानं करून दिली होती, आणि कवळी बसल्यापासून साहेब पापडसुद्धा भिजवून खात. त्यामुळे बिस्किट कडक झालंय ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला मार्गच नव्हता.

बाईंनी ते लगेच सांगायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर नवरा पहिल्यांदाच असा हसताना दिसत होता, गालावर पीठ, कपाळावर पीठ. त्यांना वाटलं, आठ-दहा दिवसांचा नाद आहे, जाईल. तेवढ्यासाठी कशाला मन मोडायचं?

नाद गेला नाही. उलट चार दिवसांनी साहेबांनी एक डबा भरून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, मासिकांशेजारी आणून ठेवला. अर्ध्या डब्यात व्हॅनिला घातलेली गोड, अर्ध्यात मिरी घातलेली खारी. वर चिठ्ठी: 'घरगुती. निःसंकोच घ्यावीत.' आणि स्वतः पडद्याच्या फटीतून बघत उभे राहिले.

पहिले निःसंकोच निघाले ते बसचे कंडक्टर. ते दात साफ करून घ्यायला आले होते. नंबर यायला वेळ होता, म्हणून त्यांनी एक खारं बिस्किट दाढेखाली धरलं. आतल्या खोलीत बाईंना सुपारी फोडल्यासारखा आवाज आला.

"बाई," कंडक्टर गाल धरून खुर्चीत बसले, "आलो होतो सगळे साफ करायला. आता एक कमी करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या पुढच्या दाताची कॅप निघाली. ती बसवेपर्यंत एक दिवस त्यांना तसंच वर्गात जावं लागलं. त्या 'शांत बसा' म्हणाल्या की 'श'च्या जागी लांबलचक शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की खेळाचा तास, एवढंच मुलांना ठाऊक. सगळा वर्ग तीनदा मैदानावर जाऊन आला.

दवाखान्यात बाईंच्या हाताखाली एक मुलगी होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. चेहरा कायम गंभीर, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे दात बरे करायला येतात की मोडायला?"

"हळू बोल. डबा लपव कुठेतरी."

सिस्टरनं डबा औषधांच्या कपाटात ठेवला. साहेबांनी दुसरा आणून ठेवला. सिस्टरनं तो रिकामा केला. डबा रिकामा दिसताच साहेबांची छाती फुगली आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा काठोकाठ भरला. आता टाकायची तरी कुठे एवढी? सिस्टरनं डोकं लढवलं. बत्त्यानं बिस्किटं फोडली (बत्ता घेऊनच फोडावी लागली) आणि प्लॅस्टिकच्या झाडाच्या कुंडीत छान पसरली. कुंडीला एकदम शोभा आली. दोन पेशंटांनी विचारलंसुद्धा, खडी कुठून आणली म्हणून. इंजिनियरसाहेब डबा भरायला आले तेव्हा कुंडीपाशी थबकले. वाकून एक तुकडा बोटांत फिरवून पाहिला.

"सिस्टर, खडी झकास निवडलीत हो. असा माल आम्हाला मिळाला असता तर!"

"घरचीच आहे," सिस्टर म्हणाली.

असं सगळं चाललं होतं आणि चाललंही असतं, पण एका सकाळी साहेबांच्या लक्षात एक गोष्ट आली. चहाची वेळ होती. बाई नेहमीसारख्या बिस्किटाची बशी हळूच बाजूला सारत होत्या.

"अगं, तू कधी खाताना दिसत नाहीस."

"खाते की. दवाखान्यात खाते."

"माझ्यासमोर एकदा तरी खा."

हे ते असं काही म्हणाले, मान जराशी वाकडी करून, की बाईंना पुढे नाही म्हणवेना. बिस्किट चहात बुडवावं म्हटलं तर कप रिकामा. दुसरा चहा टाकते म्हणावं, तर साहेब डोळ्यांत प्राण आणून बघतायत. बाईंनी आयुष्यभर लोकांच्या जबड्यांचा अभ्यास केलेला. कुठली बाजू मजबूत, कुठला कोन बरा, याचा मनातल्या मनात हिशोब करून त्यांनी डाव्या बाजूला बिस्किट धरलं आणि दाबलं.

कडाड!

"ऐकलंस?" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "कसं खुसखुशीत आहे!"

बिस्किट शाबूत होतं. बाईंची खालची दाढ मधोमध दुभंगली होती. डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं.

"मिरी जास्त झाली का गं?"

बाईंनी मान हलवली. हो की नाही ते त्यांनाही कळलं नाही.

स्वतःची दाढ स्वतःला दुरुस्त करता येत नाही. आरशात बघून प्रयत्न केला तर उजवीकडचं डावीकडे दिसतं. राहता राहिला एकच उपाय, आणि तो होता रस्त्यापलीकडे. तिथे दुसरा दवाखाना होता. त्याच्या डॉक्टरांना बाई 'समोरचे' म्हणायच्या आणि ते बाईंना 'समोरच्या' म्हणायचे. एकमेकांच्या कामाबद्दल दोघं कधी वाईट बोलत नसत; फक्त पेशंटच्या तोंडात डोकावून "हं… हे कुणी केलंय?" एवढंच विचारत.

बाईंनी पदरानं अर्धा चेहरा झाकला आणि रस्ता ओलांडला. न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्चीतून साबण लावलेला एक चेहरा मोठ्यानं ओरडला, "डॉक्टरीणबाई, तिकडे कुठे?" झाकलेल्या चेहऱ्याचा काही उपयोग झाला नाही.

समोरच्यांनी अतिशय आदरानं बाईंना खुर्चीत बसवलं. दाढ पाहिली. दोन इंजेक्शनं दिली, कापसाचे बोळे भरले, मग सहज विचारावं तसं विचारलं, "बिस्किट?"

बाईंचे डोळे मोठे झाले.

"तुमचे तीन पेशंट येऊन गेले ना माझ्याकडे. तुमच्याकडे पुन्हा जायचं धाडस होत नाही म्हणाले. एकानं ते बिस्किट बरोबर आणलं होतं. मी त्याचा एक्स-रे काढला. काय घनता आहे हो!" असं म्हणत त्यांनी यंत्र सुरू केलं आणि दाढ कोरायला घेतली. "मी तर थक्क झालो. पंचवीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत गोळ्या-चॉकलेटं ठेवतोय. त्यानं दात किडतात, पण किती वेळ लागतो! तुमचं काम बघा, रोख."

"आँ आँ!" बाई म्हणाल्या.

"नाही नाही, मी कुणाला सांगणार नाही. एकाच पेशातली माणसं आपण. फक्त एक डबा माझ्याकडेही पाठवा. दर आठवड्याला. हरकत नाही ना?"

बाईंच्या तोंडात चार बोळे, एक नळी आणि समोरच्यांची दोन बोटं होती.

"गप्प आहात म्हणजे हो," समोरचे खूश होऊन म्हणाले.

बाई रस्ता ओलांडून घरी आल्या तेव्हा त्यांचा खालचा ओठ, जीभ आणि अर्धी हनुवटी कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी झाली होती. पण मनाचा निश्चय झाला होता. आता लपवाछपवी पुरे. साहेब ओट्यापाशी बाटली फिरवत होते. बाई समोर उभ्या राहिल्या, डब्याकडे बोट केलं आणि निक्षून म्हणाल्या, "दगड आहेत! दगड!"

म्हणजे त्यांना तसं म्हणायचं होतं. बधिर तोंडातून बाहेर पडलं ते असं: "ग्वड आहेट! ग्वड!"

"गोड आहेत?" साहेबांचा चेहरा उजळला. "अगं, पण ती खारी आहेत!"

बाईंनी जोरजोरात मान हलवली. "बंद करा! बंद करा आता!"

'ब'साठी ओठ जुळावे लागतात. ते जुळायला तयार नव्हते. पहिला शब्द हवेतच विरला.

"करा करा काय, करतोयच की," साहेब म्हणाले. "एवढं आवडेल असं वाटलं नव्हतं हं मला. थांब, दुप्पट करतो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. लिहून द्यावं म्हणून पेन शोधेपर्यंत दारावर समोरच्यांचा माणूस येऊन उभा राहिला. "डॉक्टरांनी बिस्किटांचा डबा मागितलाय. बाईंशी बोलणं झालंय म्हणाले."

आयुष्यात साहेबांच्या रस्त्यांचं कौतुक झालं होतं ते कागदावर, शिक्का मारून. असं घरी माणूस पाठवून कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला, भांग पाडला. "मी स्वतः नेऊन देतो," म्हणाले, आणि बाई उठून उभ्या राहीपर्यंत दोन डबे काखेत मारून बाहेरही पडले.

"अओ! अओ, ठांआ!" बाई मागून पळाल्या. बाईंच्या मागे सिस्टर. सिस्टरच्या मागे, काहीतरी घडतंय एवढंच समजून, साबण लावलेला तो चेहरा.

समोरच्यांच्या बाहेरच्या खोलीत सहा-सात पेशंट बसले होते. साहेबांनी डबा उघडला होता. एक आजोबा, ज्यांचे सगळे मिळून तीन दात होते, त्यांनी त्यातलं एक उचललंही होतं. बाईंनी धावत जाऊन ते त्यांच्या हातून हिसकावलं.

"अगं, हे काय!" साहेब म्हणाले.

बोलून उपयोग नव्हता. बाईंनी ते बिस्किट सरळ नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. खा.

"मी? इथे? चहा आहे का?"

बाईंनी मान हलवली. चहा नाही. तसंच खा.

इतक्या लोकांसमोर स्वतःच्या मालाला नाही कसं म्हणायचं? साहेबांनी बिस्किट दातांत धरलं आणि दाबलं. काही झालं नाही. आणखी दाबलं. कपाळावर शीर उभी राहिली. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरून जोरात हिसका दिला.

बिस्किट बाहेर आलं. बिस्किटाबरोबर कवळीही बाहेर आली. ओळीनं सगळे दात बिस्किटात रुतलेले, आणि ते सगळं साहेबांच्या हातात, आपलं आपणच हसत असल्यासारखं.

आजोबांनी आपल्या तीन दातांवरून हळूच जीभ फिरवून ते जागेवर आहेत याची खात्री करून घेतली.

"हे अअं कअं?" साहेब म्हणाले.

"ओ टेट आंगत ओटे!" बाई म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाला दात नव्हते, दुसरीला ओठ नव्हते, आणि पुष्कळ बोलायचं होतं. सिस्टर पुढे झाली. दिवसभर बोळे भरलेल्या तोंडांशी बोलायची तिला सवय होती.

"साहेब विचारतायत, हे असं कसं झालं. मॅडम म्हणतायत, तेच सांगत होते."

"आहुं ओण ओण?"

"अजून कुणाकुणाचं झालं, असं साहेब विचारतायत. मीच सांगते. कंडक्टरांची दाढ, शाळेतल्या बाईंची कॅप, आमच्याकडून पळून गेलेले तिघं, आणि आज मॅडमची स्वतःची दाढ."

साहेबांनी बायकोच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. सकाळचा तो आवाज त्यांना आठवला असावा, कारण ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. बाई शेजारी बसल्या. थोड्या वेळानं साहेबांचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं, रडतायत. त्यांनी घाबरून खांद्यावर हात ठेवला, तर साहेब हसत होते. आवाज न करता, पोट धरून, बिनदातांचं हसू. ते बघून बाईंना हसू फुटलं, पण त्यांचं हसू एकाच बाजूला उमटत होतं, आणि ते पाहून साहेबांना आणखी चेव आला. मग सगळी खोलीच हसायला लागली.

समोरच्यांनी पक्कड आणून कवळी सोडवली. त्यांनाही घाम फुटला. कवळी तेवढी हातात देऊन बिस्किट त्यांनी हळूच स्वतःच्या खिशात टाकायला घेतलं, ते सिस्टरनं काढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत बाईंचा ओठ ताळ्यावर आला. साहेब स्वयंपाकघरात उभे राहून रिकामी परात बघत होते.

"आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसत होतात ना," बाई म्हणाल्या. "पीठ लागलेलं होतं गालाला. मला बरं वाटत होतं."

साहेबांनी बाहीनं गाल पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "मिश्रणात चूक आहे. ओलावा कमी पडतोय. आणि लोणी…"

"लोणी लागतंच हो. रस्ता नाही तो. आणि त्या कपाटात पुन्हा काही ठेवाल तर बघा. जाड बुडाचं पातेलं घ्या, खाली मीठ पसरा, वर ताटली ठेवा, झाकण लावा. मंद आच. माझी आई करायची."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पदर खोचून नवऱ्याला लोणी फेसायला शिकवलं. साहेब घाबरत घाबरत, बोटांच्या टोकांनी कणीक एकत्र करत होते, दाबायला हात जरा वळला की बाई चापट मारायच्या. बाटली त्यांनी आधीच खिडकीत ठेवून दिली होती. सोळा गोल थापले, ताटलीत रचले आणि झाकण ठेवलं. साहेब झाकणाला कान लावून बसले.

"ऐकू काय येणार त्यात?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. म्हणजे चांगलंच."

झाकण उघडलं तर सोळा गोलांचा पत्ता नव्हता. लोणी अंमळ जास्तच झालं होतं. सगळी बिस्किटं पसरून, एकमेकांच्या गळ्यात पडून, ताटलीभर एकच सोनेरी चादर झाली होती. कडेला जरा करपलेली, मध्ये फुगलेली. साहेबांनी सुरी घेतली. सुरी आत गेली आणि अडकली नाही. त्यांनी अविश्वासानं ती पुन्हा बाहेर काढून पुन्हा आत घातली. उचलायला गेले तर तुकडा हातातच मोडला, भुगा ओट्यावर सांडला.

"टिकाऊपणा शून्य," ते म्हणाले.

"चमचे काढा."

दोघं ओट्यापाशी उभ्या उभ्याच, ताटलीतून, फुंकर घालून खायला लागले. बाई उजव्या बाजूनं, साहेब कुठल्याही बाजूनं. चहाची आठवण दोघांनाही झाली नाही. तेवढ्यात पडदा सरकला आणि सिस्टर आत आली.

"मॅडम, पेशंट खुर्चीत बसलेत. तोंड उघडून."

"आलेच," बाई भरल्या तोंडानं म्हणाल्या, आणि आणखी एक चमचा घेतला.

सिस्टर तिथेच उभी राहिली. तिनं ताटलीकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या भुग्याकडे. भुग्यातली एक चिमूट उचलून आधी दोन बोटांत चुरडून पाहिली, मग जिभेवर ठेवली. तिचा गंभीर चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"चमचा आहे का अजून एक?" तिनं विचारलं.

साहेबांनी स्वतःचा चमचा धुऊन तिला दिला आणि आपण बोटांनी खायला लागले. पडद्यापलीकडून पेशंटचा "आँ?" असा प्रश्नार्थक आवाज आला.

"पाच मिनिटं हं!" सिस्टर मागे न बघता ओरडली. "मॅडम कामात आहेत."